दुसरा माईक

मी मंडपवाला. लासुर्ण्याच्या अलीकडं आमचं गाव, तिथं चौकात माझं गोडाऊन आहे. लग्न असो, जावळ असो, प्रचारसभा असो नाहीतर कुणाचा दहावा, माईक माझाच. भाषणं इतकी ऐकलीत की आता ती ऐकूच येत नाहीत. पुढारी उभा राहिला की मी आवाजाची खुंटी जागेवर लावतो आणि चहा सांगतो. चहा येतो, पिऊन होतो, कप परत जातो, तरी ह्यांचं 'दोन शब्द बोलतो' चालूच असतं.

अशा माझ्याकडं एक दिवस सर आले. बारामतीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून रिटायर झालेले, मूळचे आमच्याच गावचे, नुकतेच जुनं घर नीट करून काकूंना घेऊन राहायला आलेले. लुनावर आले होते आणि लुनाच्या मागं एक लोखंडी घडीची खुर्ची दोरीनं बांधली होती. खाली उतरलेच नाहीत. बसल्या बसल्या म्हणाले, "शनिवारी मारुतीपुढं व्याख्यान आहे. दोन माईक पाहिजेत."

"दुसरा कुणाला, सर? पाहुणे दोन हायत का?"

"पाहुणा एकच. दुसरा ऐकणाऱ्यांना."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"वायर लांब आण. लिंबाखाली बायका बसतात, तिथवर पोचली पाहिजे. आणि दोन्हींचा आवाज सारखा. स्टेजचा मोठा ठेवलास तर गाठ माझ्याशी आहे."

मनात म्हटलं, गावात येडे काय कमी होते, त्यात ही एक भर. पण शनिवारी दोन माईक लावले. पुढं वर्षानुवर्षं लावत राहिलो.

शनिवार त्यांनी मुद्दाम धरला होता. मारुतीला तेल घालायला माणसं येतातच, त्यांना बोलवायला नको. तेल घालून माणूस मागं वळला की सर समोर. "बसा, आज बहुमत म्हणजे काय ते बोलायचंय." कधी ग्रामसभा, कधी पंचायतीचं अंदाजपत्रक, कधी पक्ष बदलणारे आमदार. आज लोकशाही चालते कशी, हा एकच विषय, बाकी सगळ्या त्याच्या फांद्या. माणसं अडकायची, वैतागायची, आणि पुढच्या शनिवारी परत यायची. आमच्या गावात दुसरं होतं तरी काय? एक टीव्ही आणि एक तात्या.

तात्या म्हणजे आमच्या गावचे सर्वेसर्वा. सोसायटी त्यांची, यात्रा कमिटी त्यांची, भांडण मिटवायचं तर त्यांच्या ओट्यावर. पेटवायचं तरी तिथंच. त्यांना ही शनिवारची भानगड पहिल्यापासून झोंबत होती, पण वरून म्हणायचे, "चालू दे मास्तरचं. म्हाताऱ्याला उद्योग पायजे."

सरांचे नियम विचारू नका. टाळी बंद. कुणी चुकून टाळी वाजवली की सर त्याच्याकडं बोट करायचे. "तुम्हाला पटलं? उठा. काय पटलं ते सांगा." बिचारा उठायचा आणि धोतराचा सोगा चाचपत उभा राहायचा. मग हळूहळू लोक हात मांडीखाली घेऊन बसायला लागले. स्टेजवर सर स्वतः कधी चढले नाहीत. शाल नाही, नारळ नाही. आपली घडीची खुर्ची घेऊन लोकांत बसायचे. लग्नाला जायचे तरी ती खुर्ची बरोबर. म्हणायचे, "दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलं की त्याला प्रश्न विचारताना जीभ जड होते." मला त्यांनी 'ध्वनिमंत्री' नाव ठेवलं होतं. गावात अजून मला कुणी कुणी मंत्री म्हणून हाक मारतं.

घरात तर निराळीच तऱ्हा. काकू सुप्याकडच्या, कोरडवाहू मुलखातल्या, बोलणं मोजकं. सर प्रत्येक गोष्टीवर मतदान घ्यायचे. आज भाजी कुठली? भोपळ्याच्या बाजूनं एक, विरोधात एक. बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत निर्णायक, आणि घराच्या कायमच्या अध्यक्ष काकू. सरांना भोपळा बघवत नसे, पण जन्मभर मुकाट खाल्ला. मी एकदा काकूंना म्हटलं, तुमचं बरंय. त्या म्हणाल्या, "बरं कसलं? ह्यांच्यापायी मलाबी रोज भोपळा खावा लागतोय. एकदा मत दिल्यावर मागं कसं घेणार?"

आमच्याकडं लग्नात अक्षता थांबतात. मुहूर्त टळतो, भटजी घाम पुसतो, नवरी उभी राहून पेंगते, पण पुढारी आल्याशिवाय मंगलाष्टक होत नाही. तो येतो आणि माईक घेऊन वधूवरांना शुभाशीर्वाद म्हणून अर्धा तास स्वतःच्या कामांची यादी वाचतो. असंच भगवानरावांच्या मुलीच्या लग्नात झालं. भगवानराव डाळिंबवाले, मोठी बाग, मोठा मांडव. पुढारी बोलून झाला आणि सर आपल्या घडीच्या खुर्चीवरून उठले. "आशीर्वाद पोचले. आता रस्त्याचं सांगा. मागच्या लग्नात म्हणालात पुढच्या लग्नाआधी होईल."

मांडवात असं गार पडलं की वाजंत्रीवाल्याचं खाकरणंसुद्धा ऐकू आलं. भगवानरावांनी सरांना कोपरापासून हात जोडले. पुढारी हसला, म्हणाला, "सर आमचे मार्गदर्शक आहेत," आणि जेवायला न थांबता गेला. भगवानराव महिनाभर सरांशी बोलले नाहीत. त्यांचं तरी काय चुकलं? लेकीचं लग्न होतं हो!

आणि तो पुण्याचा विद्वान! लोकशाहीवर बोलायला आला होता, बोलला पण झकास. मी चहा सांगायचा विसरलो म्हणजे बघा. बोलून झालं आणि घड्याळ बघत म्हणाला, पुढं कार्यक्रम आहे, प्रश्नांना वेळ नाही. सर उठले. शांतपणे जाऊन त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले, मांडीवर खुर्ची. "चला, प्रश्न गाडीत घेऊ. लोकांनी माझ्याजवळ दिलेत." त्याला नाही म्हणता येईना. भिगवणपर्यंत गेले आणि तिथून एसटीनं, खुर्चीसकट परत. पुढच्या शनिवारी दुसऱ्या माईकवरून पाहुण्यांची उत्तरं सांगितली: "पहिल्या प्रश्नाला, 'विषय मोठा आहे.' दुसऱ्याला, 'बघू.' तिसऱ्या प्रश्नाला पाहुण्यांना झोप लागली." लोक पोट धरून हसले. सर मात्र चिडले, म्हणाले, हसता काय, तुम्हालाच उत्तर मिळालेलं नाही.

पण सरांचा खरा नियम वेगळाच होता, आणि त्याच नियमानं त्यांचा घात केला. म्हणून तो नीट सांगतो.

वाद असला की दोन्ही बाजूंचे लोक समोरासमोर बसवायचे. पण आपली बाजू बोलायची नाही. आधी समोरच्याची मांडायची. त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं असं सांगायचं की तो म्हणाला पाहिजे, "व्हय, मला हेच म्हणायचंय." तो "न्हाय" म्हणाला की सर म्हणणार, "परत मांडा." व्हय मिळेपर्यंत स्वतःचं एक अक्षर बोलायचं नाही.

कालव्याच्या पाण्याचा वाद तेव्हा पेटला होता. वरच्या अंगाला भगवानराव, खाली शेवटाला रामभाऊ. वरचे दारं उघडून ठेवायचे आणि रामभाऊच्या पेरूपर्यंत पाणी पोचायचंच नाही. दोघं एकदा खोरी घेऊन एकमेकांच्या अंगावर गेलेले. सरांनी त्यांना मारुतीपुढं बसवलं. रामभाऊनं दातओठ खात सुरुवात केली, "भगवानरावाचं म्हणणं, पानी त्याच्या बापाचं हाय..."

"न्हाय," भगवानराव ओरडले.

"परत मांडा," सर म्हणाले.

किती वेळा झालं असेल देव जाणे. शेवटी रामभाऊ आवाज खाली आणून म्हणाला, "भगवानरावाचं म्हणणं, पाळी कधी येतीय त्याची खात्री न्हाय. आज न्हाय घेतलं तर परत कवा मिळंल ठाऊक न्हाय. बहर धरलाय, झाड जाईल. म्हणून भ्यानं जास्त घेतो."

भगवानराव बघतच राहिले. हळूच म्हणाले, "व्हय. हेच म्हणायचंय मला."

आता त्यांची पाळी. ते उठले, माईक हातात घेतला, परत ठेवला. "सर, मला न्हाय जमणार."

"का?"

"ह्याची बाजू नीट मांडली तर मला ती पटंल ना! मग दार बंद करावं लागंल."

सगळं गाव खदखदून हसलं. सरांच्या डोळ्यांत मात्र पाणी. मला म्हणाले, "अरे ध्वनिमंत्री, इतकी वर्षं शिकवलं, पण एवढं खरं वाक्य एका पोरानं पेपरात लिहिलं नाही." आणि गंमत अशी की पुढच्या पाळीला भगवानरावांनी खरोखर दार वेळेत पाडलं. रामभाऊच्या बागेत पाणी पोचलं. झालं! सरांच्या डोक्यात जे पक्कं बसलं ते बसलं. समोरच्याचं म्हणणं ज्याला मांडता आलं, त्याला ते पटणारच. पटलं की तो तसं वागणारच.

भगवानराव भोळा माणूस हो. सरांनी त्याच्यावरून सगळ्या दुनियेचा अंदाज बांधला.

ह्या नियमात सगळ्यात तरबेज झाला तो अमर. तात्यांचा पुतण्या. कॉलेजात सरांचाच विद्यार्थी, आणि शनिवारी पहिल्या रांगेत. त्याला कुणाचीही बाजू द्या. वरची द्या, खालची द्या, दारूबंदीवाल्या बायकांची द्या, नाहीतर दुकानदाराची द्या, पहिल्याच दमात समोरचा म्हणणार, "व्हय." त्याला कधी 'परत मांडा' ऐकावं लागलं नाही. सर काकूंना सांगायचे, माझ्यामागं हा चालवील. काकू म्हणायच्या, "पोरगं हुशार हाय." त्यापुढं काही बोलायच्या नाहीत.

मग सरपंचाची निवडणूक लागली. आता सरपंच थेट लोकांतून निवडतात, म्हणजे साऱ्या गावानं मत द्यायचं. तात्यांनी देवळात चार डोकी बसवली आणि ठरवून टाकलं, ह्या खेपेला बिनविरोध. सरपंच अमर. बिनविरोध म्हटलं की आमच्याकडं लोकांची छाती फुगते. गाव एक आहे, गावात भांडण नाही, पेपरात फोटो. मागच्या निवडणुकीत डोकी फुटली होती हे खरं. त्यातली दोन घरं अजून एकमेकांच्या दारात जात नाहीत, हेही खरं. पण त्या चार डोक्यांपलीकडं कुणाला विचारलं? लिंबाखालच्या बायकांना? खालच्या आळीला? मला तर विचारलंच नाही. गुलाल किती पोती लागंल तेवढं विचारलं.

सरांनी सरपंचपदाचा अर्ज भरला.

गाव हादरलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, कुठला पक्ष नाही, प्रचार नाही. दारोदार जाऊन एवढंच सांगायचे, "मला मत देऊ नका. पण मत द्या." लोकांना वाटलं, चळ लागला. तात्या ओट्यावरून म्हणाले, "मास्तर गावाच्या एकीला चूड लावतोय." लगेच दुकानात काकूंना उशिरा माल मिळायला लागला, पिठाच्या गिरणीत त्यांचा डबा मागं राहायला लागला. सरांची एकच अट होती आणि ती त्यांनी मारुतीपुढं जाहीर सांगितली. अमरनं एक संध्याकाळ गावासमोर उभं राहावं, दोन माईक असावेत, लोकांचे प्रश्न संपेपर्यंत उत्तरं द्यावीत. मग मी अर्ज मागं घेतो. बाकी मला काही नको.

एवढंच मागत होता हो तो माणूस. एक संध्याकाळ!

अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी तीनची मुदत. मी सकाळी सरांच्या ओट्यावर माईकची तार जोडत बसलो होतो, तर अमर आला. एकटा. सरांच्या पाया पडला, खाली सतरंजीवर बसला आणि म्हणाला, "सर, नियमानं बोलू. आधी तुमची बाजू मी मांडतो."

सरांनी चष्मा काढून ठेवला.

"तुमचं म्हणणं असं," अमर म्हणाला, "बिनविरोध म्हणजे गावात मतभेद नाहीत असं नव्हे. मतभेद बोलायची जागा तेवढी बंद केली. ज्याला कुणी विचारलंच नाही, त्याचा होकार कसा धरायचा? हरणाऱ्याला मत देणारा माणूस पण गावचाच. तो कुठंतरी मोजला गेला पाहिजे. आणि सरपंच झालेल्या माणसाला आपण कुणाला बांधील आहोत हे पहिल्याच दिवशी लोकांच्या तोंडून ऐकू आलं पाहिजे."

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. सरांचे ओठ हलत होते. म्हणाले, "व्हय. हेच म्हणायचंय मला."

सर कधी 'व्हय' म्हणत नसत, 'होय' म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले.

मग त्यांनी अमरची बाजू मांडली: फुटलेली डोकी, तुटलेली घरं, पोरांवरच्या केसेस. अमरनं मान हलवली. ठरलं. सरांनी तीनच्या आत अर्ज मागं घ्यायचा, संध्याकाळी मारुतीपुढं सभा, दोन माईक, प्रश्न संपेपर्यंत.

आतून काकू आल्या. पदरानं हात पुसत म्हणाल्या, "आधी सभा घ्या. मग अर्ज."

"काकू, मुदत तीनला संपतीय," अमर म्हणाला.

"मग आत्ता घ्या. माईकवाला हितंच बसलाय."

"लोकं रानात गेल्यात, काकू. आत्ता कोण येणार? संध्याकाळी सगळी येत्याल."

बोलणं चुकीचं नव्हतं. रानात माणसं होतीच. काकू सरांकडं बघत राहिल्या. सर म्हणाले, "अगं, त्यानं माझं म्हणणं माझ्यापेक्षा बरं मांडलं. आता अविश्वास कशाचा?"

"मांडलं की," काकू म्हणाल्या, आणि आत गेल्या.

सर इंदापूरला तहसील कचेरीत गेले ते अमरच्याच गाडीतून. लुना घरीच राहिली, आणि घडीची खुर्चीही.

संध्याकाळी मी दोन माईक लावले. लिंबापर्यंत वायर नेली. बायका येऊन बसल्या, खालच्या आळीची माणसं आली, रामभाऊ आला. काहीजणांनी प्रश्न पाठ करून आणले होते, ओठांतल्या ओठांत म्हणत होते. मला आठवतंय, कारण आमच्या गावात असं कधी दिसत नाही.

आणि मग रस्त्याकडून डीजे आला. भिंतीएवढा. मागं जेसीबी, त्याच्या तोंडात झेंडूची फुलं. गुलाल उडाला, फटाके लागले, 'बिनविरोध सरपंच' म्हणून अमरचा फोटो असलेला फ्लेक्स चढला. तो फ्लेक्स एका दुपारीत छापून होत नाही, एवढं मला धंद्यामुळं कळतं. पोरांनी माझ्याच गोडाऊनमधला लग्नातला लाल सोफा आणून स्टेजवर मांडला. सर आले तसे चार पोरांनी त्यांना उचलल्यासारखं वर नेलं आणि त्या सोफ्यावर बसवलं. डोक्याला फेटा, अंगावर शाल, दोन्ही हातांत नारळ. सर उठायला लागले की तात्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबायचे. "बसा, सर. आज तुमचा मान हाय."

अमर बोलायला उठला. "सरांच्या मोठ्या मनामुळं गाव एक झालं. आणि सरांच्या शिकवणीप्रमाणं आपण आज प्रश्नसुद्धा घेणार आहोत!" दुसरा माईक त्याच्या पोरांनी केव्हाच ताब्यात घेतला होता. त्यातल्याच एकानं विचारलं, "एवढ्या तरुण वयात ही जबाबदारी कशी पेलणार?" दुसऱ्यानं विचारलं, "तुमचा आदर्श कोण?" अमरनं सोफ्याकडं हात केला आणि टाळ्या पडल्या. सरांसमोर टाळ्या! लिंबाखालून रामभाऊ उठला, "मला इचारायचंय, पाण्याचं..." आणि डीजे सुरू झाला. मी माझी खुंटी पार शेवटपर्यंत फिरवली, पण त्या भिंतीपुढं माझ्या दोन भोंग्यांचं काय चालणार? सर सोफ्यावरून काहीतरी म्हणत होते. तोंड हलताना दिसत होतं. गुलालानं चष्मा भरला होता आणि नारळामुळं पुसता येत नव्हता.

गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ना? तसं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर सर ओट्यावर बसून शालीची घडी घालत होते. माझं डोकं तापलेलं. म्हटलं, "सर, फसवलं त्यानं तुमाला. एकदा तरी नालायकाला नालायक म्हणा!"

"आधी त्याची बाजू मांड," सर म्हणाले.

मी नाही मांडली. आजही मांडणार नाही. जगात काही माणसांची बाजू मांडायची नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. सर त्याला लोकशाही म्हणणार नाहीत. न म्हणोत.

सरांनी त्याला शिवी दिली नाही. इतकंच म्हणाले, "मी पोरांना मांडायला शिकवलं रे. मला वाटलं, पुढचं आपोआप होतं."

पुढच्या शनिवारी त्यांनी परत दोन माईक लावायला सांगितले. आपली खुर्ची मांडून बसले. माणसं आली, मारुतीला तेल घातलं, आणि देवाकडं तोंड ठेवूनच बाजूनं निघून गेली. कुणाला लाज वाटत होती, कुणाला तात्यांचं भय. बहुतेकांना काहीच वाटत नव्हतं. भगवानराव तेवढे थांबले, लांबून हात जोडले आणि गेले. दिवे लागले तसं सर मला म्हणाले, "वायर गुंडाळ." त्यानंतर शनिवार झाला नाही.

सर त्या धक्क्यानं गेले वगैरे काही नाही. उगाच तसं म्हणू नये. पुढं काही वर्षं जगले, भोपळा खाल्ला. कधी माझ्या गोडाऊनला येऊन खुर्ची मांडून बसायचे आणि पोरं मांडवाचे बांबू उतरवायची ते बघायचे. सभेचं नाव काढत नसत. मी मुद्दाम काढायचो, तर म्हणायचे, "आज ग्रामसभा होती ना? किती वेळ चालली?" मी म्हणायचो, सह्या करायला लागतो तेवढा वेळ. ते मान हलवायचे. मग एका सकाळी उठलेच नाहीत.

मेल्या म्हशीला मणभर दूध. गावानं शोकसभा ठेवली. पंचायतीनं नवं सभागृह बांधलंय, त्याला सरांचं नाव द्यायचं जाहीर झालं. सभागृहात माईक भिंतीतच बसवून घेतलाय, एकच, स्टेजवर. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आपणहून माझी अँप्लिफायरची पेटी, एक भोंगा आणि दुसरा माईक घेऊन गेलो. खुर्च्यांच्या मधोमध स्टँडवर लावला. सूत्रसंचालन करणारा शाळेतला मास्तर म्हणाला, "हे कशाला?" म्हटलं, "सरांचा रिवाज हाय. तेवढा राहू दे." मेलेल्या माणसाच्या रिवाजाला कोण नाही म्हणणार?

काकू आल्या, सरांची लोखंडी खुर्ची घेऊन. स्टेजवर त्यांच्यासाठी सोफा होता. त्या खाली लोकांत खुर्ची उघडून बसल्या.

तात्या बोलले, रस्तेवाला पुढारी बोलला, 'मार्गदर्शक हरपला' म्हणाला. शेवटी अमर उठला. आता तो पंचायत समितीवर गेलाय, अंगानंही भरलाय. बोलला मात्र तसाच. सरांचा माईक, सरांची टाळीबंदी, भिगवणची एसटी, भगवानरावांचं वाक्य, काही सोडलं नाही. मग सरांचे विचार मांडायला लागला. ज्याला विचारलं नाही त्याचा होकार धरू नये. हरणाऱ्याचं मतही मोजलं पाहिजे. शब्दाला शब्द तेच, त्या सकाळी ओट्यावर मांडलेलं. लोक डोळे पुसत होते. रामभाऊसुद्धा पुसत होता. अमरनं रुमाल काढला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "सरांना हेच म्हणायचं होतं."

काकू उठल्या. खुर्च्यांतून वाट काढत माझ्या माईकपाशी आल्या. उंची कमी, माईक वर होता. मी धावत जाऊन खाली केला.

"न्हाय," काकू म्हणाल्या.

अमरचा रुमाल तोंडापाशी तसाच राहिला.

"परत मांडा," काकू म्हणाल्या. "लोकं रानात गेली न्हाईत. सगळी हितंच बसल्यात."

अमरनं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी मास्तरकडं. मास्तर हुशार माणूस, झटकन स्टेजवरचा माईक ओढून म्हणाला, "आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून सरांना श्रद्धांजली वाहायची आहे."

सगळं गाव उठलं. तात्या उठले, पुढारी उठला, भगवानराव उठले, रामभाऊ उठला. माना खाली घातल्या, हात बांधले आणि गप उभे राहिले. अमरनं डोळे मिटून घेतले. काकू माईकपुढून हटल्या नाहीत. मी माईक चालूच ठेवला होता, आवाज स्टेजएवढाच, आणि त्यांचा श्वास भोंग्यातून अख्ख्या सभागृहाला ऐकू येत होता. दोन मिनिटं झाली. मास्तर म्हणाला, "धन्यवाद. चहाची व्यवस्था बाहेर केली आहे." माणसं चहाला गेली.